पुराचं पाणी आणि फुलांचे थेंब

वाचकाचं पत्र

ताई, मी सांगलीच्या गावभागात राहते. वय 47. 2019 च्या पुरात आमचा तळमजला पूर्ण पाण्यात होता, सासूबाईंना बोटीतून काढावं लागलं. 2021 ला पुन्हा तेच. तेव्हापासून मृग लागला की माझं काही खरं नसतं. दिवसभर मोबाईलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी आणि कोयना धरणाचा विसर्ग बघत बसते. गेले दोन महिने छाती धडधडते, रात्री तीनला जाग येते ती येतेच.

विश्रामबागच्या थोरल्या जाऊबाईंनी मला रेस्क्यू रेमेडी नावाची बाटली दिली. फुलांचं औषध आहे म्हणाल्या. चार थेंब पाण्यातून घेतले आणि दहा मिनिटांत खरंच बरं वाटलं. आता दिवसातून सात-आठ वेळा घेते. परवा भिशीला निघाले, बाटली घरी राहिली म्हणून मारुती चौकातून रिक्षा परत वळवली. आमचे हे हसतात, म्हणतात साखरपाणी आहे. सासूबाईसुद्धा पावसात घाबरतात, पण त्या माळकरी, जास्तीचं औषध घ्यायला तयार नसतात. म्हणून त्यांच्या चहात दोन थेंब घालते, त्यांना सांगितलेलं नाही. मुलगी यंदा बारावीला आहे, तिलाही सुरू करावं का? आणि हे औषध खरं असतं का, कायम घेतलं तर चालतं ना?

— गावभागातली एक वाचक

उत्तर

ताई, सगळ्यात आधी सासूबाईंच्या चहातले थेंब आजपासून बंद करा. बाकीचं सावकाश बोलू.

कारण साधं आहे. या थेंबांचा मुख्य घटक ब्रँडी असतो. बाटली हातात घ्या आणि लेबलवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. बहुतेक बाटल्यांवर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं. काही ठिकाणी ब्रँडीऐवजी ग्लिसरीन वापरतात, तसं असेल तर तेही तिथेच लिहिलेलं सापडेल. दोन थेंब ब्रँडीने सासूबाईंच्या तब्येतीला काही होणार नाही हे खरं, पण ज्या बाईने उभा जन्म गळ्यातली तुळशीची माळ जपली, तिच्या पोटात तिला न सांगता ब्रँडी घालायची, हा तब्येतीचा प्रश्नच नाही. उद्या त्यांना हे बाहेरून कळलं तर तुमच्या हातचा चहा घेताना त्या काय विचार करतील? तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. तरीही माणूस शुद्धीवर असताना त्याला विचारल्याशिवाय काही पाजू नये, मग ते गंगाजल का असेना.

जाता जाता आणखी एक, तुमच्या घराला लागू नसेल तर सोडून द्या. घरात कुणी दारू सुटण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेत असेल तर त्या माणसाच्या आसपासही अशी बाटली नको. त्या गोळ्यांवर थोडंसं अल्कोहोलसुद्धा बाधू शकतं.

आता ही बाटली मुळात काय आहे ते सांगते. त्याशिवाय पुढचं पटणार नाही.

ही फुलांची औषधं काढणारे डॉ. एडवर्ड बाख हे इंग्लंडचे. जन्म 1886 चा, रीतसर डॉक्टर झालेले, लंडनच्या होमिओपॅथिक हॉस्पिटलातही काम केलेलं. 1928 च्या सुमारास त्यांचं मन फुलांकडे वळलं आणि 1930 मध्ये चालती प्रॅक्टिस सोडून ते लंडनबाहेर पडले. आजाराचं मूळ मनाच्या अवस्थेत असतं आणि एकेका अवस्थेवर निसर्गाने एकेक फूल ठेवलेलं आहे, अशी त्यांची धारणा होती. 1936 मध्ये ते गेले तोवर 38 औषधं ठरवून झाली होती. ती ठरवली कशी? स्वतःच्या मनात ती ती अवस्था अनुभवायची, मग रानात फिरून कुठल्या झाडाजवळ शांत वाटतं ते बघायचं. माणूस कळकळीचा होता, गरिबांकडून पैसे घेत नसे. पण एका माणसाला रानात काय जाणवलं, यापलीकडे या निवडीला आधार नाही.

करण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. काचेच्या वाडग्यात झऱ्याचं पाणी घ्यायचं, वर फुलं पसरायची आणि तीन तास स्वच्छ उन्हात ठेवायचं. झाडाझुडपांची औषधं असतील तर फुलोरा डहाळ्यांसकट अर्धा तास उकळायचा. मग फुलं काढून टाकायची आणि त्या पाण्यात तेवढीच ब्रँडी मिसळायची. या मिश्रणाचे दोन थेंब पुन्हा 30 मिली ब्रँडीत. दुकानात मिळते ती ही दुसरी पातळी. त्यातले चार थेंब तुम्ही पेलाभर पाण्यात टाकता. यात फुलाचा अंश किती उरला असेल, तुम्हीच अंदाज करा. बाखांनाही तो अंश अभिप्रेत नव्हता. फुलातली शक्ती पाण्यात उतरते असं ते म्हणत. ही शक्ती आजवर कुणाला मोजता आलेली नाही. 38 पैकी एक, रॉक वॉटर, तर निव्वळ झऱ्याचं पाणी आहे, त्यात फूलच नाही.

तुमच्या बाटलीत पाच औषधं एकत्र आहेत. प्रचंड भीतीसाठी रॉक रोझ, धक्क्यासाठी स्टार ऑफ बेथलेहेम, मनावरचा ताबा सुटेल या भीतीसाठी चेरी प्लम, भान हरपल्यासारखं होतं त्यासाठी क्लेमॅटिस आणि उतावीळपणासाठी इम्पेशन्स. हे शेवटचं म्हणजे आपल्या तेरड्याचं भावंड. गौरी आणताना आपण तेरडा आणतो ना, त्याच कुळातलं हिमालयातलं झाड. इंग्रजांनी शोभेसाठी ते आपल्याकडून नेलं, तिकडच्या ओढ्याकाठांवर ते माजलं आणि तिथून बाटलीत बसून ते पुन्हा आपल्याकडे आलं, किंमत लावून.

या मिश्रणाची एक गोष्ट बाखांचे अनुयायी हमखास सांगतात. इंग्लंडच्या क्रोमर गावाच्या किनाऱ्यावर वादळात जहाज फुटलं, खलाशी तासन्‌तास डोलकाठीला बांधून घेऊन तग धरून होते. बोटीने त्यांना काढलं तेव्हा एकजण अर्धमेला होता, बाखांनी त्याच्या ओठांना हे थेंब लावले आणि तो सावध झाला. ही गोष्ट ऐकली की मला दर वेळी त्या लाटांत शिरलेले बोटवाले आठवतात. त्यांचं नाव गोष्टीत कुणी घेत नाही. पाण्यातून माणूस बोटीने काढला की किती जिवांची बाजी असते, हे सांगलीकरांना मी काय सांगू? ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली, तेव्हा सासूबाईंना बोटीत बसवताना तुमच्या मनाचं काय झालं असेल!

औषध खरं असतं का, हा तुमचा प्रश्न. याची तपासणी झालेली आहे. काहींना फुलांचे थेंब द्यायचे, काहींना हुबेहूब दिसणारे नुसते थेंब, आणि कुणाला काय दिलं ते घेणाऱ्यालाही माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही, अशा पद्धतीने. 2001 मध्ये परीक्षेची भीती वाटणाऱ्यांवर झालेल्या अशा एका अभ्यासाचा निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांची भीती कमी झाली आणि दोन्हींत फरक निघाला नाही. इंग्लंडातल्या एक्सेटर विद्यापीठाचे प्राध्यापक एड्झार्ड अर्न्स्ट यांनी 2010 मध्ये उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्याचंही सार हेच. फुलांचे थेंब नुसत्या थेंबांपेक्षा सरस ठरले नाहीत.

म्हणजे तुमच्या यजमानांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांचं हसणं मात्र बरोबर नाही. कारण त्या अभ्यासातली ‘दोन्ही गटांची भीती कमी झाली’ ही अर्धी गोष्ट हसणारे सोयीस्कर गाळतात. तुम्हाला दहा मिनिटांत बरं वाटलं ते खोटं नव्हतं. श्रेय कुणाला द्यायचं, एवढंच बघायचं.

त्या दहा मिनिटांत काय काय होतं ते नीट आठवा. धडधड वाढते, तुम्ही मोबाईल खाली ठेवता. उठून स्वयंपाकघरात जाता. पेला घेता, माठातलं पाणी ओतता, बाटलीचं झाकण उघडून एक, दोन, तीन, चार मोजता. थेंब मोजताना श्वास आपोआप धरला जातो आणि मग सावकाश सुटतो. घोट घोट पाणी पिता. कुणीतरी आपुलकीने दिलेली वस्तू हातात असते. आणि मुख्य म्हणजे वेळ जातो. भीतीचा झटका चढतो तसा उतरतो, हा शरीराचा धर्म आहे. साधारण दहा मिनिटांत तो टोकाला पोचतो आणि मग आपसूक ओसरायला लागतो. तुम्ही थेंब घेता तेव्हा तो टोकाशी आलेला असतो. थेंब घेतले नसते तरी तो उतरलाच असता. श्रेय बाटलीला मिळालं, काम तुमच्या शरीराने केलं.

इथवर ठीक होतं. कुणी रोज चार थेंब घेऊन शांत झोपत असेल तर मी त्याच्या वाटेला जाणार नाही. तुमच्या पत्रात मला खटकली ती मारुती चौकातून वळवलेली रिक्षा.

बाटली जवळ नाही म्हणून तुम्ही परत आलात, त्या क्षणी बाटली आधार राहिली नाही, अट झाली. ‘बाटली असेल तरच मी बाहेर पडू शकते’ हे मन शिकतंय. पुलाची पातळी दर पंधरा मिनिटांनी बघणं हीसुद्धा तीच जात. बघितलं की क्षणभर हायसं वाटतं, आणि त्या हायशापायीच पुन्हा बघावंसं वाटतं. सात-आठ वेळा थेंब आणि पन्नास वेळा पातळी, असा दिवस गेला की ‘मी स्वतः हे निभावलं’ असं वाटायला जागाच उरत नाही.

म्हणून बाटली फेकू नका, पण तिच्यापासून हळूहळू लांब व्हा. धडधड झाली की पेला, माठ, पाणी सगळं तेच ठेवा, फक्त थेंब टाकू नका. चार थेंब मोजायचे त्याऐवजी चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. सोडणं घेण्यापेक्षा लांब, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तीन-चार मिनिटं करा. पहिले काही दिवस बाटलीसारखा गुण वाटणार नाही, चिडचिड होईल, ‘ताईंना काय जातंय सांगायला’ असंही मनात येईल. येऊ दे. पुढच्या भिशीला बाटली मुद्दाम घरी ठेवून जा. वाटेत धडधडलं तर रिक्षावाल्याला पुढेच चालू दे म्हणा.

पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी चहानंतर आणि संध्याकाळी दिवेलागणीला, तीही सरकारी आकड्यांतून. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘आत्ताच आलेली बातमी’वाले ग्रुप म्यूट करा. त्यातल्या निम्म्या चित्रफिती मागच्या पुराच्या असतात.

पण ताई, तुमची भीती ही नुसती मनाची खेळी नाही. कृष्णा खरोखर घरात आली होती. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आणि धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा भीतीला श्वास मोजून पूर्ण उत्तर मिळत नाही, मिळूही नये. ती तुम्हाला काहीतरी करायला सांगतेय आणि तुम्ही त्याऐवजी आकडे बघताय. तेव्हा एका रविवारी यजमानांना आणि मुलीला घेऊन बसा, आणि पुढच्या गोष्टी चर्चेला न ठेवता ठरवून टाका. इशारा पातळी 40 फुटांची आहे. त्याच्या आधी, समजा 35 फुटांना, सासूबाई घरातून हलणार. रात्रीचे दोन वाजलेले असोत की कोयनेतून पाणी सोडणं थांबल्याची बातमी असो, वाद घालायचा नाही. त्यांच्या रक्तदाबाच्या वगैरे ज्या गोळ्या असतील त्या पंधरा दिवसांच्या वेगळ्या डबीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. घराची कागदपत्रं, मुलीची दहावीची गुणपत्रिका, पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून एकाच बॅगेत. गॅस सिलिंडर बंद कोण करणार, मेन स्विच कोण पाडणार, फ्रीज वर कोण चढवणार, नावानिशी. कागदावर लिहून तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मग रात्री तीनला जाग आली की मनाला एक ठाम उत्तर देता येईल. आज किती फूट आहे? 22. आपलं काम 35 ला. झोप.

बरेच जण म्हणतात, पुराचा विचार करून ठेवला की भीती वाढते. माझा अनुभव उलटा आहे. अर्धवट केलेल्या विचारानेच भीती वाढते.

आता डॉक्टरांचं. दोन महिने धडधड आणि झोपमोड, हे थेंबांवर किंवा माझ्या सदरावर भागवायचं दुखणं नाही. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड जास्त झालं की अशीच धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते. 47 व्या वर्षी पाळी जायच्या दिवसांतही रात्रीची जाग आणि छातीत धडधड होते, तेही डॉक्टरांना सांगा. छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. चहा दिवसातून किती होतो तेही मोजा. पुराच्या काळजीत घरात चहाचं आधण सतत चुलीवर असतं, हे मी सांगायला नको.

तपासण्या ठीक निघाल्या तर मानसोपचार डॉक्टरांकडे जा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ही सोय असते. पावसाचा आवाज आला, ओल्या मातीचा वास आला की तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहत असेल, पुराची स्वप्नं पडत असतील, तर ते त्यांना आवर्जून सांगा. आपत्तीतून गेलेल्या माणसांत हे होतं आणि त्यावर बोलून करायचे उपचार आहेत, ज्यांचा गुण तपासून बघितलेला आहे. काहींना गोळ्याही देतात. त्यातल्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि झोपेच्या गोळ्यांसारखी त्यांची चटक लागत नाही. डॉक्टरांना न विचारता शेजारणीकडून अल्प्राझोलाम, म्हणजे भीतीवरची चटक लावणारी गोळी, मागून घ्यायचं मात्र कटाक्षाने टाळा. त्याच्या मानाने तुमचे थेंब शंभर पटीने बरे. बाहेर पडणं जमत नसेल तर टेली-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, 14416 वर. मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीनलासुद्धा.

मुलीला देऊ नका. बारावीच्या वर्षात भीती वाटणारच, आणि ती वाटत असतानाही पेपर लिहिता येतो हे तिला कळणं जास्त कामाचं आहे. तिला खरी मदत हवी असेल तर मॉक टेस्ट वेळ लावून सोडवायला बसवा आणि त्या वेळी घरातला टीव्ही बंद ठेवा. तिची झोप उडाली, जेवण सुटलं, रडू आवरेना, तर तेव्हा तिला घेऊन डॉक्टरांकडे जायचं. ती आईकडे बघून भीती कशी हाताळायची ते शिकत असते, हेही मनात असू द्या.

सासूबाईंना सगळं सांगा. चहात काय घालत होते आणि का, ते सरळ सांगा. रागावतील, एखादा दिवस अबोला धरतील. त्यानंतर त्यांना विचारा की पाऊस लागला की तुम्हाला नेमकं कशाची धास्ती वाटते. पाण्याची, बोटीची, की परत आल्यावर देवघर चिखलात बघायची? आजवर हे कुणी त्यांना विचारलं असेल असं तुमच्या पत्रावरून वाटत नाही. आणि हलायचं आधीच ठरलंय, आपल्याला बोटीत बसावं लागणार नाही, हे कळल्यावर त्यांची निम्मी धास्ती तिथेच जाईल.

राहता राहिल्या जाऊबाई. त्या मायेने बाटली घेऊन आल्या, त्यांच्याशी बाखांवरून हुज्जत घालू नका. बाटली संपली की दुसरी आणू नका म्हणावं, आणि त्याऐवजी एकच मागणं करा. विश्रामबागला पुराचं पाणी येत नाही, त्यांच्याकडे एखादी खोली असेलच. 35 फुटांना सासूबाईंना तिकडे आणणार, तेवढी ती खोली ऑगस्टअखेरपर्यंत मोकळी ठेवा, आणि संडासाजवळ हाताला धरायला एक दांडी बसवून घ्या.